झडप बदलली तरी गोळी सुटत नाही

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक समज पक्का बसलाय: हृदयाची झडप बदलली की रक्त पूर्वीसारखं वाहू लागतं, मग रक्त पातळ करायची गोळी हवी कशाला? हे खरं नाही, आणि त्यापायी माणसं जिवाला मुकतात.

धातूची झडप गळती आणि अडथळा दूर करते, दम लागणं कमी होतं. पण नैसर्गिक झडपेइतकी मोकळी वाट ती देत नाही. तिच्या बिजागरीपाशी रक्त घुटमळतं, तिथे गुठळी धरते. मग झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा मारतो. म्हणून वॉरफेरिन किंवा असिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) महाधमनीच्या झडपेला साधारण २ ते ३, मायट्रलला (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला) २.५ ते ३.५ हवा. (प्राण्यांच्या ऊतींच्या झडपेला बहुतेकदा काही महिनेच गोळी लागते, ते डॉक्टरच ठरवतात.)

पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळीचा परिणाम कमी करतं; पण म्हणून पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला ताटातून हद्दपार करू नका हो! प्रमाण रोजच्यासारखं ठेवा. एकदम वाढवलंत किंवा तोडलंत तर आयएनआर हलतो.

छातीतली धातूच्या झडपेची टिकटिक घाबरण्यासारखी नाही. ती अचानक दबली, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठा.