अंडी सुरकुततात तेव्हा: भक्षक कोळ्यांतला जिवाणूंचा डाव

वोल्बाकिया हे नाव बहुतेकांनी डासांच्या बातम्यांत वाचलेलं असतं. सोबत एक गैरसमजही पक्का झालेला असतो, की हा जिवाणू नराला वांझ करतो. मग कुणीतरी त्यावर मजला चढवतं आणि ‘आता माणसंही वांझ होणार’ असे निरोप फिरू लागतात. वोल्बाकिया कीटकांच्या, कोळीवर्गाच्या आणि काही सूत्रकृमींच्या पेशींत राहतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत तो वस्ती करत नाही. शिवाय तो नराला वांझही करत नाही. त्याच नराला तोच जिवाणू असलेली मादी मिळाली तर पिलं व्यवस्थित होतात. घोळ जोडीत असतो.

हा घोळ पाहावा तर भक्षक कोळ्यांत. जेमतेम अर्धा मिलिमीटरचे, आठ पायांचे (म्हणजे कीटक नव्हेत, आणि घरात जाळं विणणारे कोळीही नव्हेत; इंग्रजीत ‘माइट’) हे जीव पिकांवरच्या लाल कोळ्यांना खातात. त्यांचं पुनरुत्पादन मुळातच विचित्र आहे. मधमाशीत फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो, लाल कोळ्यांतही तसंच. भक्षक कोळ्यांची मादी मात्र समागमाशिवाय अंडीच घालत नाही. मुलगी होणार असो वा मुलगा, शुक्राणू हवाच. मेटासीउलस ऑक्सिडेंटॅलिस या जातीत मादीच्या पेशीत 6 गुणसूत्रं असतात आणि नराच्या 3. पण नराचीही सुरुवात 6 नेच होते! अंड्यात गर्भ वाढत असताना बापाकडून आलेला 3 चा संच आकसून घट्ट होतो आणि टाकून दिला जातो. थोडक्यात, मुलाला जन्मापुरता बाप लागतो, बापाचा वारसा नाही.

या घरात वोल्बाकिया शिरतो. शुक्राणू तयार होत असताना तो त्यांच्यात फेरफार करून ठेवतो. स्वतः मात्र पक्व शुक्राणूत उरत नाही. अंड्यात तोच जिवाणू असेल तर फेरफार निस्तरला जातो. नसेल, तर पहिल्याच पेशीविभाजनात गाडी अडते. आईची गुणसूत्रं वाटणीला तयार असतात, बापाची मागे रेंगाळतात, आणि विभाजन काही त्यांच्यासाठी थांबत नाही. (हा तपशील कीटकांच्या अंड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला आहे, फळमाशीवरच्या कामातून 2017 मध्ये यामागची सिफ-ए आणि सिफ-बी ही जनुकंही सापडली.) भक्षक कोळ्यांत परिणाम असा दिसतो: अंडी कमी, त्यांतली काही सुरकुतलेली, मुली जवळपास नाहीत. बाधित मादीला दोन्ही प्रकारचे नर चालतात, निरोगी मादीला फक्त निरोगी. जिवाणू अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे या हिशोबात त्याचा फायदाच.

हे तपासायचं तर चार जोड्या लावाव्या लागतात: बाधित आणि निरोगी माद्या, प्रत्येकीला दोन्ही प्रकारचे नर. निरोगी वाण मिळवण्यासाठी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देतात किंवा कोळी काही पिढ्या 33 अंश सेल्सिअसला वाढवतात. त्यानंतर एखाद-दोन पिढ्या नेहमीच्या तापमानात जाऊ द्याव्यात, नाहीतर उष्णतेचा त्रास जिवाणूच्या खात्यावर मांडला जातो. माद्या शेवटच्या अप्रौढ अवस्थेतच एकेकट्या वेगळ्या काढाव्यात. प्रौढ होताच नर गाठतो, कधीकधी तो आधीपासूनच शेजारी राखण करत बसलेला असतो. ओल्या कापसावर पानाची चकती, तिच्यावर पुरेसे लाल कोळी, एक मादी, एक नर. मग रोज अंडी मोजायची, सुरकुतलेली वेगळी नोंदवायची, उबलेली पिलं वाढवून नर-मादी पाहायचे. कापसात बुडून मेलेली मादी हिशोबातून वगळायची, तिला ‘शून्य अंडी’ धरायचं नाही.

घोटाळे होतात ते मात्र दुसरीकडेच. हवा कोरडी असली तरी ही अंडी सुरकुततात, म्हणून चारही जोड्या एकाच आर्द्रतेत हव्यात. लाल कोळ्यांतही वोल्बाकिया असतो. भरल्या पोटाच्या भक्षकाची पीसीआर चाचणी केली तर सापडलेला डीएनए शिकारीचाही असू शकतो. चाचणीआधी उपाशी ठेवावं, किंवा सरळ अंडीच तपासावीत.

सर्वांत चकवा देतो तो कार्डिनियम. जिवाणूंच्या पार वेगळ्या कुळातला, पण चाल हुबेहूब तीच, आणि मेटासीउलस ऑक्सिडेंटॅलिसमध्ये तोही सापडलेला आहे. प्रतिजैविक दोघांनाही घालवू शकतं. त्यामुळे फक्त वोल्बाकियाची चाचणी करून ‘जिवाणू घालवला, घोळ गेला’ म्हणणं म्हणजे दोन संशयितांपैकी एकाचंच नाव वहीत लिहिण्यासारखं.

जोडीदार निवडताना माद्या हे ओळखतात का? 2004 च्या एका प्रयोगात लाल कोळ्यांच्या निरोगी माद्यांनी निरोगी नर पसंत केले होते. पण तो शिकारीवरचा प्रयोग होता. त्यावरून भक्षकांच्या ‘सुज्ञ माद्यां’विषयी मथळे रचू नयेत.

कोळी वाढवणाऱ्यांसाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. दोन ठिकाणचे वाण एकत्र करण्याआधी दोन्हींची दोन्ही जिवाणूंसाठी चाचणी करावी आणि दोन्ही बाजूंनी जोड्या लावून पाहाव्यात. एका बाजूने पिलं भरपूर आणि दुसऱ्या बाजूने मुलीच नाहीत असं दिसलं, तर ते वाण वेगळ्या पेट्यांतच ठेवलेले बरे.