लघवीची डबी देण्यापूर्वी: किडनी आणि मूत्रमार्गाच्या नेहमीच्या तक्रारी

आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी लघवीच्या डब्या येतात. रक्त द्यायला कुणी लाजत नाही, पण डबी देताना बरेच जण कागदात गुंडाळून, मान खाली घालून पुढे करतात. कृपया संकोच करू नका. किडनीत काही बिघडत असेल तर सगळ्यात आधी ते या डबीत दिसते, कधीकधी रक्ताच्या तपासणीच्याही आधी.

दोन्ही किडन्या मुठीएवढ्या, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, कण्याच्या दोन बाजूंना असतात. प्रत्येकीत साधारण 10 लाख सूक्ष्म गाळण्या. दोघी मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा परत रक्तात सोडतात. लघवी होते ती दीड-दोन लिटर. एवढा व्याप सांभाळताना त्या कुरकुर करत नाहीत, आणि धोका आहे तो इथेच. निम्मी क्षमता जाईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही, आणि रक्तातल्या क्रिएटिनिनचा (किडनी बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाचा) आकडाही तोवर नॉर्मलमध्ये राहू शकतो.

‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे किडनी ठणठणीत’ असे आम्ही सतत ऐकतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. त्यामुळे 1.2 हा आकडा पिळदार शरीराच्या तरुणाला साजेसा असला, तरी 75 वर्षांच्या कृश आजींच्या बाबतीत तोच काळजीचा ठरू शकतो. म्हणून रिपोर्टमध्ये त्याखालची ईजीएफआरची ओळ जरूर वाचा. वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून काढलेला तो गाळणक्षमतेचा अंदाज असतो. तो 3 महिने किंवा अधिक काळ 60 च्या खाली राहिला तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. एकाच रिपोर्टवरून घाबरू नका, पण पुन्हा तपासायचे टाळूही नका.

मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणे. या दोघांनी गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून झिरपू लागते. सुरुवातीची गळती इतकी थोडी असते की साध्या पट्टीच्या तपासणीत ती निसटते. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासावे लागते. ते 30 mg/g च्या आत हवे. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी करायलाच हवी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. गळती वाढली की लघवीला न विरणारा फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते. तेव्हा बराच काळ हातातून गेलेला असतो.

लघवीला जळजळ होणे, सारखे जावेसे वाटणे, गेल्यावर चार थेंब येणे, हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. नेहमीचा जंतू ई. कोलाय. तो आपल्याच आतड्यात राहतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा असल्याने त्याला आत शिरणे सोपे जाते. पुरुषाला असा संसर्ग झाला तर मागे खडा किंवा वाढलेली प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) नाही ना, हे पाहावेच लागते. थंडी वाजून ताप आला आणि कुशीत दुखू लागले तर संसर्ग किडनीपर्यंत पोहोचलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

इथे एक कळकळीची विनंती. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेऊन मग कल्चरसाठी (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) येऊ नका. जंतू अर्धवट दबतात, कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि कोणते औषध लागू पडेल ते कळायचे राहून जाते. आधी नमुना, मग गोळी.

मुतखड्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे स्फटिक बंद पाकिटासारखे दिसतात, चौकोनावर तिरप्या दोन रेघा. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. पडला तर टाकू नका. लघवी बारीक जाळीतून गाळा, खडा कोरड्या डबीत घालून आणा. तो कशाचा बनला आहे हे कळले की पुढचा टाळता येतो. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांनाच विचारा. खड्याबरोबर ताप आला तर थांबायचे नाही.

पन्नाशीनंतर पुरुषांची धार मंदावते, रात्री उठावे लागते. बऱ्याचदा कारण वाढलेली प्रोस्टेट असते, आणि त्यावर उपचार आहेत. लघवी पूर्ण तुंबली तर थेट रुग्णालय.

लघवीतून रक्त गेले, दुखले नाही आणि दुसऱ्या दिवशी थांबले, तर मन म्हणते ‘गेले एकदाचे’. असे करू नका. न दुखता जाणारे रक्त मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. एकदाच गेले असले तरी दाखवा.

सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही किडनीवर ताण आणणारी वेदनाशामके घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी किडनी तपासून घ्यावी.

आता डबीविषयी. सकाळची पहिली लघवी उत्तम. जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. धुतलेली औषधाची बाटली नको. कल्चरसाठी निर्जंतुक डबी आमच्याकडून न्या. तासाभरात पोहोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, कारण उबेत राहिलेल्या डबीत जंतू झपाट्याने वाढतात आणि नसलेला आजार रिपोर्टमध्ये उमटतो. पाळी चालू असेल तर सांगा. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, तेही सांगा.

24 तासांच्या नमुन्यात चूक हमखास पहिल्या वेळेला होते. पहिल्या दिवशी सकाळी 7 ला उठून केलेली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ची धरून. मधली एक जरी चुकली तरी आम्हाला सांगा, दुसरा कॅन देऊ.