पार्श्वभूमी: बीटा लहरी आणि ‘विश्रांतीचा ताल’ ही संज्ञा

माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी जेना येथे 1924 साली प्रथम टिपल्या गेल्या आणि 1929 साली प्रसिद्ध झाल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागावर सेकंदाला सुमारे 10 आवर्तनांचा अल्फा ताल ठळक उमटे आणि डोळे उघडताच तो विरून जाई. 1934 साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेने या निरीक्षणाला दुजोरा देताना त्याचे स्पष्टीकरणही मांडले. दृष्टीच्या भागाला काम नसले की तेथील चेतापेशी एका ठेक्यात येतात आणि काम मिळताच तो ठेका मोडतो, असे त्याचे सार होते. पुढची सहा-सात दशके हेच स्पष्टीकरण हालचालींच्या अभ्यासावरही अधिराज्य गाजवत राहिले.

मॉन्ट्रियल येथे 1949 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदी शस्त्रक्रियेदरम्यान जागे असलेल्या रुग्णांच्या उघड्या मेंदूवरून घेतलेल्या होत्या. हाताची हालचाल सुरू होताना, किंबहुना तिची तयारी होत असतानाच, हाताचे नियंत्रण करणाऱ्या पट्ट्यावरील बीटा ताल, म्हणजे सेकंदाला साधारण 15 ते 30 आवर्तनांचा ताल, खाली बसत असे. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समध्ये कमानीच्या आकाराचा म्यू ताल नोंदवला गेला. डोळे उघडल्याने तो जात नसे, मूठ वळली की मात्र जाई. 1977 साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी तालातील या घटीला ‘विसमकालन’ (चेतापेशींचा एकत्र ठेका सुटणे) या अर्थाचे नाव दिले आणि 1990च्या दशकात हालचालीनंतर परतणाऱ्या तालासाठी गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना चालू राहणाऱ्या इंजिनाची उपमा आणि तिच्यासोबत ‘विश्रांतीचा ताल’ ही संज्ञा रूढ झाली.

ही उपमा चटकन पटते आणि म्हणूनच तिने फार नुकसान केले. ताल दिसला की तो भाग रिकामा आहे असे मानायचे आणि रिकामा आहे म्हणूनच ताल दिसतो असे सांगायचे, या चक्रात एक साधा प्रश्न मागे पडला: हालचाल संपल्यावर साधारण सेकंदाभरात बीटा ताल पूर्वीच्या पातळीपेक्षाही वर का उसळतो? नुसत्या विश्रांतीला एवढी उसळी लागत नाही. त्यातच 1995 साली असे दिसले की एखादी वस्तू हलक्या, स्थिर पकडीत धरून ठेवली असता मेंदूतील बीटा ताल आणि हाताच्या स्नायूंतील विद्युत हालचाल एकमेकांशी मेळ राखून चालतात. पकड स्थिर ठेवणे हे काम आहे आणि ताल त्या कामातच सहभागी आहे. संवेदनाच्या बाजूनेही असेच पुरावे आले. लक्ष एका बाजूला वळवले की दुर्लक्षित बाजूचे दृश्य हाताळणाऱ्या मेंदूच्या भागात अल्फा वाढतो, तोही दृश्य समोर येण्याआधीच. 2002 साली तर लक्षात ठेवायच्या गोष्टी वाढवल्या तसा अल्फाही वाढलेला आढळला. ‘विश्रांती’ म्हणजे निष्क्रियता असे आपण कधीच म्हटले नव्हते, असे जुन्या संज्ञेचे समर्थक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु शब्द एकदा पाठ्यपुस्तकांत गेला की त्याच्यासोबतच्या अटी मागेच राहतात. 2010 साली बीटा हा ‘आहे ती स्थिती टिकवून ठेवण्याचा’ संकेत असावा, अशी मांडणी पुढे आली. ती अंतिम नाही, पण तालाला काही काम आहे हे तिने मान्य केले.

गॅमा तालाची कथा वेगळी आहे. 1989 साली फ्रँकफर्ट येथे मांजरांच्या दृष्टीशी संबंधित मेंदूभागात सापडलेला सेकंदाला सुमारे 40 आवर्तनांचा एकत्रित ठेका वस्तूचे तुकडे जोडून एक प्रतिमा घडवतो, या दाव्यावर दशकभर वाद झाला आणि तो आजही मिटलेला नाही.

बीटाचा प्रश्न मात्र रुग्णालयात जाऊन पोहोचला. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत खोलवर, सबथॅलॅमिक केंद्रकात (हालचालींच्या नियंत्रणात भाग घेणाऱ्या एका लहान पेशीसमूहात), विद्युत उत्तेजनाच्या उपचारासाठी विद्युताग्र बसवल्यानंतर आणि बॅटरी जोडण्याआधी काही दिवस तारा बाहेरच असतात. त्या अवधीत घेतलेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत औषध थांबवलेल्या रुग्णांत बीटा प्रबळ होता आणि लेव्होडोपा हे कंपवातावरील औषध दिल्यावर तो ओसरला. ज्या तालाला आपण विश्रांती म्हणत होतो, तो अशा रुग्णासाठी पाऊल उचलू न देणारा अडसर ठरत असावा, असा अर्थ यातून निघू लागला. तरीही ताल हे कारण की केवळ खूण, हे त्या नोंदींनी ठरत नव्हते. 2013 साली आठ रुग्णांवर केलेल्या चाचणीत बीटा ठरावीक उंचीवर गेला तेवढ्यापुरतेच उत्तेजन दिले गेले. एकूण वेळेच्या निम्म्याहून कमी वेळ उत्तेजन मिळूनही हालचाली अखंड उत्तेजनापेक्षा अधिक सुधारल्या.

त्यानंतरच्या काळात आणखी एक समज बदलली. अनेक नोंदींची सरासरी काढली की बीटा संथ, सलग दिसतो. एकेक नोंद पाहिली तर तो क्षणिक उमाळ्यांत येतो, आणि कंपवातात हे उमाळे लांबलेले असतात. 2025 साली युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालेली, मेंदूच्या संकेतांनुसार उत्तेजन बदलणारी उपकरणे याच संशोधनाच्या वाटेने आली आहेत. रुग्णाच्या बीटाची कोणती पातळी ‘जास्त’ मानायची, हे डॉक्टरांना प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे ठरवावे लागते.