सरकारी इमारतीसाठी ग्रिहा मानांकन: अर्ज कधी करायचा, पात्रता काय, कागद कोणते

नगरपरिषदेची नवी इमारत, ग्रामीण रुग्णालय, तहसील कार्यालय किंवा वसतिगृह बांधायला घेतले की हरित मानांकनाचा, म्हणजे इमारत पर्यावरणाला किती जपते याला गुण देण्याचा, विषय बहुतेक ठिकाणी गिलाव्याचे काम सुरू झाल्यावर निघतो. तोवर फार उशीर झालेला असतो. इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला, खिडक्या किती मोठ्या, आवारातली कोणती झाडे राहणार, वरची सुपीक माती कुठे साठवणार, हे सगळे पहिल्या नकाशात आणि जेसीबीच्या पहिल्या फेरीत ठरून जाते. गेलेली माती आणि तुटलेले झाड कोणत्याही कागदाने परत येत नाही. म्हणून मानांकनाचा अर्ज अंदाजपत्रकाच्या बरोबरीने चालला पाहिजे. पुढची सगळी माहिती हे गृहीत धरूनच वाचावी.

ग्रिहा ही हरित इमारतींसाठीची आपल्या देशातली मानांकन पद्धत. टेरी ही ऊर्जा व पर्यावरणावर काम करणारी संस्था आणि केंद्राचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ती मिळून उभी केली आणि २००७ मध्ये ती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेली. तिचा कारभार दिल्लीची ग्रिहा कौन्सिल पाहते. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१४ मध्ये शासन निर्णय काढून सरकारी इमारतींसाठी ग्रिहाचा आधार घेतला. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचे मानांकनही राज्यात चालते आणि खासगी बांधकामांत ते जास्त दिसते. पण सरकारी इमारतीसाठी मला ग्रिहा अधिक योग्य वाटते. आपल्या बहुतेक कार्यालयांत दोन-तीन दालने सोडली तर वातानुकूलन नसते. पंखा, खिडकी आणि व्हरांडा यांवर चालणाऱ्या अशा इमारतीचा विचार या पद्धतीत पहिल्यापासून केलेला आहे.

पात्रता

नवीन इमारतीचे बांधीव क्षेत्र २,५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर मुख्य ग्रिहा मानांकनासाठी अर्ज करता येतो. क्षेत्र मोजताना पार्किंग आणि तळघर धरू नये. कार्यालये, रुग्णालये, शिक्षणसंस्था, वसतिगृहे, निवासी संकुले सगळी यात बसतात, औद्योगिक संकुले बसत नाहीत. त्याहून लहान इमारतींसाठी ‘स्वग्रिहा’ आहे. यात १४ निकष आणि ५० गुण असतात, आणि २५ गुणांपासून पहिला तारा मिळतो. तालुक्याच्या गावातली अनेक कार्यालये, ग्रंथालये आणि सभागृहे या मापात येतात. त्यांचे काम तुलनेने सुटसुटीत असते. तरीही ‘एवढ्याशा इमारतीला कशाला मानांकन’ म्हणून हाच मार्ग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, याचे वाईट वाटते. दिवसा शिकवणाऱ्या शाळांसाठी वेगळी आवृत्ती आहे आणि वापरात असलेल्या जुन्या इमारतींसाठीही.

मुख्य मानांकनात मूळ १०० गुण असतात. २५ ते ४० गुणांना एक तारा, ४१ ते ५५ ला दोन, ५६ ते ७० ला तीन, ७१ ते ८५ ला चार आणि ८६ पासून पुढे पाच. किती तारे हवेत हे निविदेपूर्वी ठरवावे, कारण कंत्राटदाराने कोणते साहित्य वापरायचे आणि कोणती नोंद ठेवायची हे त्यावर अवलंबून असते.

अर्जाआधी कार्यालयात काय व्हायला हवे

प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावातच मानांकनाचे शुल्क, हरित सल्लागाराचे मानधन, चाचण्या आणि मीटर यांची तरतूद दाखवावी. शुल्क क्षेत्रफळानुसार बदलते, तेव्हा चालू दरपत्रक ग्रिहा कौन्सिलकडून मागवून तेच जोडावे. तांत्रिक मान्यतेच्या वेळी कमी पाणी लागणारे नळ, सौर पॅनेल, छताचे उष्णतारोधन, पर्जन्यजल संधारण या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दिसल्या पाहिजेत. नंतर ‘अतिरिक्त बाब’ म्हणून त्या मंजूर करून घेताना जी दमछाक होते ती कोणत्याही शाखा अभियंत्याला विचारा.

निविदेच्या अटींत एक कलम आवर्जून घालावे: मानांकनाला लागणारी बिले, उत्पादकांची प्रमाणपत्रे आणि तारखेसह छायाचित्रे कंत्राटदाराने चालू देयकासोबत द्यायची. ही अट नसेल तर काम संपल्यावर कागद गोळा करणे जवळजवळ अशक्य होते.

एक अधिकारी नोडल, म्हणजे सगळा समन्वय पाहणारा, म्हणून नेमावा. बदली झाली तर फाईल रीतसर हस्तांतरित व्हावी. इमारतीचे काम दोन-तीन वर्षे चालते आणि तेवढ्यात उपअभियंता बदलतोच.

नोंदणी

अर्ज कौन्सिलच्या संकेतस्थळावर भरतात. सुरुवातीला मागितली जाणारी माहिती साधी आहे: मालक संस्थेचे नाव, प्रकल्पाचा पत्ता, भूखंडाचे आणि बांधीव क्षेत्र, मजले, वापराचा प्रकार, रोज किती माणसे येणार, कामाचे तास, वातानुकूलित आणि बिगर-वातानुकूलित भाग, वास्तुविशारद आणि सल्लागारांची नावे. सोबत स्थळनकाशा आणि प्राथमिक आराखडे. शुल्क भरले की प्रकल्पाला लॉगिन मिळते आणि कौन्सिलचे तज्ज्ञ संपूर्ण चमूसाठी मार्गदर्शन कार्यशाळा घेतात. तिला फक्त वास्तुविशारदाला पाठवू नये. विद्युत शाखेचा अभियंता आणि कंत्राटदाराचा जागेवरचा माणूस हे दोघे तिथे बसलेच पाहिजेत.

कागदपत्रे

इथेच बहुतेक अर्ज अडखळतात. ग्रिहाला आश्वासन चालत नाही, प्रत्येक गुणामागे पुरावा लागतो.

जागेच्या निकषांसाठी काम सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे, झाडांची यादी आणि नकाशावर त्यांची जागा, मातीच्या सुपीकतेचा तपासणी अहवाल. शहरी हद्दीत झाड तोडायचे किंवा हलवायचे असेल तर १९७५ च्या महाराष्ट्र झाडांच्या संरक्षण अधिनियमाखालची वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. बांधकाम चालू असताना जागेभोवती पत्रे लावले का, वाळू-सिमेंट झाकून ठेवले का, धुळीवर पाणी मारले का, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुतली का, याची तारखेसह छायाचित्रे. मजुरांसाठी शौचालय, पिण्याचे पाणी, हेल्मेट आणि पाळणाघर यांचाही पुरावा द्यावा लागतो. मानांकनातला हा भाग मला फार मोलाचा वाटतो. इमारत हरित म्हणवायची आणि तिच्या गवंड्याला पाण्यासाठी शेजारच्या टपरीवर पाठवायचे, हे चालू नये.

ऊर्जेच्या निकषांसाठी इमारत ऊर्जा संवर्धन संहितेच्या अनिवार्य तरतुदी पाळल्याचा तपशील लागतो. ही संहिता किमान १०० किलोवॅट जोडभार (सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा १२० केव्हीए करारभार (वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार) असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. तिने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. मुंबई उष्ण-दमट, सोलापूर उष्ण-कोरडे, नागपूर संमिश्र विभागात मोडते. त्यामुळे मुंबईच्या कार्यालयाचा नकाशा उचलून सोलापुरात बांधला तर कागदावरही गुण जातात आणि उन्हाळ्यात माणसेही भाजतात. भिंत, छत आणि काचेचे उष्णतावहन, नैसर्गिक प्रकाशाचे गणित, दिवे-पंख्यांची यादी, सौर यंत्रणेचे मोजमाप आणि दर चौरस मीटर दर वर्षाला किती युनिट वीज लागेल याचा अंदाज, सगळे जोडायचे.

पाण्यासाठी नळांच्या प्रवाहाची प्रमाणपत्रे, पर्जन्यजल संधारणाचा आराखडा, सांडपाणी प्रक्रियेचा तपशील आणि पाण्याच्या गुणवत्तेचा प्रयोगशाळा अहवाल. साहित्यासाठी फ्लाय ॲशच्या (औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या) विटा-सिमेंट, कमी वाफा सोडणारे रंग, कमी ऊर्जेत तयार झालेले साहित्य यांची खरेदी बिले. मोजमाप पुस्तकातले प्रमाण आणि बिलातले प्रमाण जुळले पाहिजे. याशिवाय अपंगांसाठी रॅम्प, शौचालय आणि लिफ्टचे नकाशे, वीज-पाण्याच्या मीटरांची मांडणी आणि देखभालीची कार्यपद्धती.

तपासणी आणि निकाल

कामादरम्यान कौन्सिलचे प्रतिनिधी टप्प्याटप्प्याने जागेवर येतात: आधी पायाच्या सुमारास, नंतर आतली कामे चालू असताना आणि शेवटी इमारत पूर्ण झाल्यावर. पहिली भेट सर्वांत उपयोगाची, कारण तेव्हा चूक दुरुस्त होऊ शकते. सगळे कागद लॉगिनवर चढवल्यावर प्राथमिक छाननी होते, त्रुटींचे पत्र येते, उत्तर दिल्यावर अंतिम मूल्यमापन होऊन तात्पुरते मानांकन मिळते. लोक वापरू लागल्यावर प्रत्यक्ष वीज-पाण्याचे लेखापरीक्षण होते, आणि त्यानंतरच अंतिम मानांकन. नकाशात दाखवलेली बचत बिलात दिसते की नाही हे यात तपासले जाते. माझ्या मते संपूर्ण पद्धतीतला हा सर्वांत प्रामाणिक टप्पा आहे.

सरकारी यंत्रणेला हे जमते का, असे विचारणाऱ्यांनी दिल्लीचे इंदिरा पर्यावरण भवन पाहावे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने ते बांधले. २०१४ मध्ये उद्घाटन झाले, पंचतारांकित ग्रिहा मानांकन मिळाले. मधल्या चौकातून वारा खेळतो, छतावर ९३० किलोवॅटची सौर यंत्रणा आहे आणि इमारतीला वर्षभरात लागेल तेवढी वीज तिथेच तयार व्हावी असा आराखडा आहे.

जुन्या इमारतींसाठी

जुन्या इमारतींच्या ग्रिहा मानांकनाबरोबर ऊर्जा दक्षता ब्युरोचे कार्यालयीन इमारतींसाठीचे तारांकनही घेता येते. त्यासाठी किमान १०० किलोवॅट जोडभार, सलग एक वर्षाची वीजबिले, बांधीव क्षेत्राचे नकाशे, वातानुकूलित क्षेत्राचा हिशेब आणि कामाचे तास एवढे पुरते. ब्युरोची राज्यातली यंत्रणा म्हणजे पुण्याची महाऊर्जा. ऊर्जा लेखापरीक्षणासाठी आधी तिथे विचारावे.

ग्रिहाचे आणि ब्युरोचे, दोन्ही मानांकने पाच वर्षे टिकतात. नूतनीकरणाच्या वेळी मधल्या वर्षांच्या मीटर नोंदी लागतात. म्हणून इमारत वापरकर्त्या विभागाच्या ताब्यात देताना चाव्यांबरोबर मीटर नोंदवही, देखभाल पुस्तिका आणि लॉगिनचा तपशील सही घेऊन सोपवावा.