कायमचे बसवलेले मझल डिव्हाइस (अमेरिकी कायदा)

रायफलीच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेला फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाला लपवणारा भाग) किंवा मझल ब्रेक (गोळीबाराचा धक्का कमी करणारा भाग) वेल्डिंग करून अथवा डाख देऊन पक्का करण्याची पद्धत. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार असा पक्का केलेला भाग नळीचाच मानला जातो आणि त्याची लांबी नळीच्या लांबीत धरली जाते. नुसता आट्यांवर फिरवून बसवलेला भाग धरला जात नाही, मग तो कितीही घट्ट आवळलेला असो. शौकिनांच्या बोलीत या कामाला ‘पिन अँड वेल्ड’ म्हणतात.

हा सगळा खटाटोप १६ इंचांसाठी (सुमारे ४०.६ सेंमी) आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार ज्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी, ती ‘शॉर्ट बॅरल्ड रायफल’ ठरते. तिची सरकारदरबारी नोंदणी नसेल तर ती नुसती जवळ बाळगल्याबद्दलही १० वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मूळ कायद्यात मर्यादा १८ इंचांची होती. १९६० मध्ये रायफलींसाठी ती १६ वर आणली गेली, शॉटगनसाठी मात्र १८ इंचच राहिली.

आखूड नळीवर एवढी नजर का, याचे उत्तर कायद्याच्या मसुद्यात सापडते. त्यात सुरुवातीला पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलांवर बंधन आले की लोक रायफलीची नळी कापून ती कोटाखाली दडवतील, ही पळवाट बुजवण्यासाठी आखूड रायफलीचे कलम घातले गेले. पुढे पिस्तुले मसुद्यातून वगळली, कलम तेवढे मागे राहिले. खिशात मावणारे पिस्तूल या कायद्याबाहेर आणि १५ इंची नळीची रायफल मात्र आत, ही विसंगती तेव्हापासून चालत आली आहे.

मोजणी अगदी साधी असते. बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) बंद करून नळीच्या तोंडातून एक काठी आत सरकवायची. ती बोल्टच्या दर्शनी भागाला टेकली की नळीच्या टोकाशी तिच्यावर खूण करायची, काठी बाहेर काढायची आणि टोकापासून खुणेपर्यंत मोजायचे. टोकाला मझल डिव्हाइस कायमचे बसवलेले असेल तर खूण त्याच्या टोकाशी करतात. म्हणजे गोळी जिथे ठेवली जाते तो चेंबरही या मापात येतो.

‘कायमचे’ कशाला म्हणायचे, हे एटीएफ या संघीय यंत्रणेने ठरवून दिले आहे. तीन रीती मान्य आहेत: गॅस किंवा विजेच्या वेल्डिंगने सांधा पूर्ण जोडणे, ११०० अंश फॅरनहाइट (सुमारे ५९३ अंश सेल्सिअस) तापमानाचा चांदीचा डाख देणे, किंवा आरपार न जाणारे भोक पाडून त्यात खीळ बसवणे आणि खिळीच्या डोक्यावर वेल्डिंग करणे. तिसरी रीत सर्वाधिक चालते. चांगल्या कारागिराच्या हातचे काम असेल तर फ्लॅश हायडरच्या बाजूला मसुराएवढा वेल्डचा ठिपका तेवढा दिसतो, आणि तोही घासून काळा केला की शोधावा लागतो. कथील-शिशाचा साधा डाख दोनशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, म्हणून तो चालत नाही. आटे चिकटवणारी रसायनेही बाद. ‘कायमचे’ म्हणजे अक्षय नव्हे. वेल्ड घासून खीळ काढता येतेच, फक्त त्यासाठी पान्याने भागत नाही.

सर्वांत परिचित उदाहरण साडेचौदा इंची नळीचे. अमेरिकी लष्कराच्या एम-४ कार्बाइनची नळी एवढीच असते, त्यामुळे नागरी बाजारातही या मापाची हौस आहे. हिशेबाने दीड इंचाचा तुकडा जोडला की झाले, असे वाटते. पण आट्यांवर चढणारा भाग नळीच्या लांबीत आधीच मोजलेला असतो. नळीच्या टोकापुढे जेवढे उरते तेवढेच खऱ्या अर्थाने वाढते. म्हणून या कामासाठी मुद्दाम लांब केलेले फ्लॅश हायडर विकले जातात.

याची किंमत नंतर मोजावी लागते. एआर-१५ धाटणीच्या रायफलीत गॅस ब्लॉक (पुढची गोळी आपोआप भरली जावी म्हणून नळीतला वायू घेणारा भाग) नळीच्या पुढच्या टोकाकडून निघतो. पुढचे तोंडच पक्के झाले की गॅस ब्लॉक बदलणे म्हणजे आधी वेल्ड तोडणे आले, आणि तो तुटताच नळी पुन्हा साडेचौदा इंचांची होते.

नोंदणी करून आखूड रायफल बाळगण्याचा मार्ग खुला आहे, पण त्यात अर्ज, बोटांचे ठसे आणि छायाचित्र आले. राज्याची सीमा ओलांडून ती नेताना आधी एटीएफची परवानगीही लागते. १९३४ मध्ये ठरलेला २०० डॉलरचा कर नव्वद वर्षे तसाच होता. १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफल आणि सायलेन्सरसाठी तो शून्य झाला, नोंदणी मात्र टिकली. पैसे वाचवणे हे वेल्डिंगचे एक कारण त्यामुळे उरले नाही.

काही ठिकाणी हेच वेल्डिंग लांबीसाठी नव्हे, तर उघडे आटे झाकण्यासाठी करतात. १३ सप्टेंबर १९९४ पासून दहा वर्षे लागू असलेल्या संघीय ‘असॉल्ट वेपन’ (लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुका) बंदीत फ्लॅश सप्रेसर (म्हणजेच फ्लॅश हायडर), तसेच तो बसवता येईल अशी आटे पाडलेली नळी, ही आक्षेपार्ह लक्षणांपैकी एक होती. त्या काळात कारखान्यातूनच मझल ब्रेक वेल्ड करून येत असे. बंदीची मुदत २००४ मध्ये संपली, पण न्यू जर्सीसारख्या राज्यात या पद्धतीची गरज आजही भासते. कॅलिफोर्नियात फ्लॅश सप्रेसरवर रोख आहे, तर न्यूयॉर्कच्या यादीत मझल ब्रेकही आहे. त्यामुळे एका राज्यात चालणारी रायफल दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही.

भारतात हा प्रश्न या रूपात उद्भवत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हाच गुन्हा आहे.