छिंग राजपुत्रांच्या पदव्या : दर पिढीला एक पायरी खाली

चीनचं शेवटचं राजघराणं छिंग, त्यांच्या काळातले चिनवांग, बेइल, बेइजी हे सगळे आपल्याला सरसकट राजपुत्र वाटतात, पण या पदव्या कशा आल्या ते बघितलं तर सम्राटाला सगळ्यात जास्त धास्ती स्वतःच्या भाऊबंदांचीच होती हे लगेच कळतं.

सगळ्यात जुनी पदवी बेइल. छिंग घराणं ज्यांचं, त्या मांचू लोकांमध्ये बेइल म्हणजे टोळीचा नायक, स्वतःची माणसं आणि स्वतःचं सैन्य बाळगणारा. १६२६ मध्ये घराण्याची सत्ता उभारणारा नुरहाची गेला आणि त्याचा मुलगा होंग ताइजी गादीवर आला खरा, पण १६३२ पर्यंत दरबारात तो एकटा बसतच नव्हता, दोन सावत्र भाऊ आणि एक चुलतभाऊ असे तीन मोठे बेइल त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचे. त्यांना एकेक करून बाजूला सारल्यावर १६३६ मध्ये त्याने राज्याचं नाव छिंग ठेवलं, चिनवांग आणि च्युनवांग या दोन चिनी पदव्या वर बसवल्या आणि बेइल आपोआप तिसऱ्या नंबरवर गेला.

पुढे या पायऱ्या बारा झाल्या. चिनवांगला वर्षाला १०,००० ताएल (चिनी वजनाचं माप) चांदी, बेइलला २,५००, सगळ्यात खालच्याला जेमतेम ११०. पण पदवीबरोबर राज्य करायला मुलूख मिळायचा नाही, राहायचं बीजिंगमध्येच, सम्राटाच्या डोळ्यासमोर. छिंगच्या आधीच्या मिंग घराण्यात राजपुत्रांना प्रांतोप्रांती पाठवायचे, इथे ती भानगडच ठेवली नाही. आणि वडील चिनवांग असले तरी वारस साधारणपणे च्युनवांग, त्याचा मुलगा बेइल, असं एका ठराविक पायरीपर्यंत खाली खाली यायचं. बाकीच्या मुलांना तर घोड्यावरून आणि उभ्याने तिरंदाजी, शिवाय मांचू भाषांतर अशी परीक्षा द्यावी लागायची, मगच काय ते हाती लागायचं. मला ही सगळी रचना फार हुशारीची वाटते, कारण एवढं मोठं घराणं पोसायचं आणि वर कुणाला डोईजड होऊ द्यायचं नाही, ही साधी गोष्ट नाही.

याला अपवाद लोखंडी टोपीवाल्या राजपुत्रांचा, त्यांची पदवी पिढ्यानपिढ्या तशीच राहायची. राज्य उभं करताना लढलेल्यांची आठ घराणी आणि नंतरची चार, एवढीच. पण ही टोपीही हमखास नव्हती. या आठांपैकी दोर्गोनचंच बघा, १६४४ मध्ये बीजिंग जिंकणारा आणि सहा वर्षांच्या सम्राटाच्या नावाने कारभार हाकणारा हा माणूस १६५० च्या शेवटच्या दिवशी वारला आणि काही आठवड्यांत त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका ठेवून सगळे मान काढून घेतले. छियानलोंग सम्राटाने ते परत दिले १७७८ मध्ये, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनी!

शेवटची लोखंडी टोपी यीकुआंग या राजपुत्राला, १९०८ मध्ये. तोच १९११ मध्ये पहिला पंतप्रधान झाला आणि मंत्रिमंडळात राजघराण्यातलीच इतकी माणसं भरली गेली की घटनात्मक सुधारणांची आस लावून बसलेले लोकही भडकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वुचांगला उठाव झाला आणि त्यातूनच छिंग सत्ता कोसळली.