आधी शेजाऱ्याला हाक

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतलं इंटरनेट दिवसभर बंद होतं. भाच्याला एका लॅपटॉपवरचे फोटो दुसऱ्यावर घ्यायचे होते. "पण नेटच नाही ना मामा!" म्हणून तो हातावर हात ठेवून बसलेला. दोन संगणकांना आपापसात बोलायला इंटरनेट लागतं, हा गैरसमज चांगला मुरलेला आहे. इंटरनेट सोडाच, राउटरही लागत नाही. एक लॅन केबल पुरते.

दोन्हीवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. केबल जोडली, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं आणि पहिल्यावर लिहिलं: 'सुडो आयपी अ‍ॅडर अ‍ॅड १९२.१६८.५०.१/२४ डेव्ह ईटीएच०'. (टाइप अर्थात रोमन लिपीत करायचं, आणि ईटीएच० च्या जागी आपल्या नेटवर्क कार्डाचं नाव, ते 'आयपी लिंक' लिहिलं की दिसतं.) दुसऱ्यावर तेच, फक्त पत्त्याच्या शेवटी १ ऐवजी २. मग दोन्हीकडे 'सुडो आयपी लिंक सेट ईटीएच० अप'. झालं. दोघांना आपापला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर क्रमांक, मिळाला. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठीच राखलेले आहेत, त्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही. संगणक बंद करून चालू केला की हे सगळं पुसलं जातं. प्रयोगाला भ्यायचं कारण नाही.

आता पहिल्यावर 'पिंग १९२.१६८.५०.२', म्हणजे पलीकडचा उत्तर देतो का ते पाहणारी आज्ञा. हे पिंग माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलं आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. पण माझा जीव जडलाय तो पिंगच्या आधी घडणाऱ्या गोष्टीवर.

गंमत अशी, की केबलच्या टोकाचं कार्ड आयपी पत्ता पाहतच नाही. त्याला कळतो फक्त कारखान्यात मिळालेला ४८ बिटांचा (म्हणजे ० किंवा १ अशा ४८ अंकांचा) मॅक पत्ता. मग .२ चा मॅक कोणता, हे .१ ला कसं समजणार? तो सरळ चाळीच्या चौकात उभा राहून ओरडतो: "१९२.१६८.५०.२ कोण आहे? मी .१, माझा मॅक हा." हाक सगळ्यांना जाते, उत्तर एकच जण देतो, तेही फक्त विचारणाऱ्याला. ही पद्धत म्हणजे १९८२ साली ठरलेला एआरपी (अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल). मिळालेलं उत्तर संगणक वहीत टिपून ठेवतो. 'आयपी नेबर' लिहा, वही समोर येईल. नेबर म्हणजे शेजारी, नाव अगदी चपखल आहे. मात्र "मीच .२" म्हणणारा खरा की तोतया, हे एआरपी तपासत नाही. १९८२ च्या भाबडेपणाचा फायदा भामटे आजही घेतात.

पण हाक मारायची की नाही, हे ठरवतो तो /२४. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ जुळले तर समोरचा शेजारी. समजा /२६ लिहिलं आणि पत्ते .१० आणि .७० दिले. बायनरीत १० म्हणजे ००००१०१० आणि ७० म्हणजे ०१०००११०. शेवटच्या आकड्यातले पहिले दोन बिट आता जुळायला हवेत; एकीकडे ००, दुसरीकडे ०१. एकाच केबलची दोन टोकं, तरी शेजार नाही!

म्हणून काय चुकलं ते सांगणारे संदेश नीट वाचावेत. 'नेटवर्क इज अनरीचेबल' म्हणजे तुमच्या संगणकाने तोंडही उघडलेलं नाही, त्याला वाटच ठाऊक नाही. पत्ता आणि /२४ तपासा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' तुमच्याच पत्त्यावरून आलं, तर हाका मारल्या, पण कुणी ओ दिली नाही. केबल पाहा, पलीकडचा पत्ता पाहा. आणि नुसतीच शांतता असेल, पण वहीत शेजाऱ्याचा मॅक उमटलेला असेल, तर तो घरात आहे, बहुधा फायरवॉल (बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी प्रोग्रॅम) दार उघडू देत नाही. विजेची उपकरणं आग्नेयेला ठेवा म्हणणारे वास्तुवाले राउटरलाही सोडत नाहीत, पण या तीन संदेशांत दिशेचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.

भाच्याला पिंगच्या ओळी दाखवल्या. पहिल्या उत्तराला पुढच्यांपेक्षा जास्त वेळ लागला होता. "हे का?" त्याने विचारलं. आधी हाक मारावी लागली ना.